एका फाइलीची दोन नावं

बाई कुणालाही पहिल्यांदा भेटल्या की "कशा आहात", "कुठे राहता" असलं काही विचारत नसत. चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि थेट म्हणायच्या, "माहेरचं नाव?"

समोरची बिचारी आडनाव सांगायची.

"आडनाव नाही विचारलं. नाव. पाळण्यातलं."

आता मुलुंडसारख्या ठिकाणी, सोसायटीच्या गेटपाशी, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभ्या असलेल्या साठीच्या बाईला हे विचारलं की ती आधी गोंधळते. मग हसते, आणि मग एकदम अशी काही बघते, की जणू कुणी तिची हरवलेली वस्तू पुढ्यात ठेवलीय. मला विचारलं तेव्हा माझंही तेच झालं. मी नाव सांगितलं. त्या दिवसापासून बाईंनी मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही. आमचे हे एकदा म्हणाले, "या बाई कुणाला बोलावतायत गं?" मी म्हटलं, "मला. तुमच्याआधीच्या मला."

बाईंना आम्ही सगळ्या बाईच म्हणायचो. त्या पूर्वी कुठल्याशा मोठ्या कचेरीत कॉम्प्युटरवर होत्या, तेही कॉम्प्युटर खोलीएवढे असायचे त्या काळात. त्यांच्या या माहेरच्या नावाच्या वेडाचं मूळही तिथलंच. शिक्षणाचे कागद लग्नाआधीच्या नावाचे, नोकरी लग्नानंतरच्या नावाने. "दर दोन-चार वर्षांनी नवा साहेब यायचा," बाई सांगायच्या, "आणि मला विचारायचा, ही कोण आणि ती कोण? मी म्हणायचे, दोन्ही मीच. तो म्हणायचा, पुरावा आणा. मी समोर उभी, हा पुरावा नाही पुरत!"

आमच्या महिला मंडळाला सोसायटीने तळमजल्यावर, पंपरूमच्या शेजारची खोली दिली होती. तिथे कुणाच्या तरी ऑफिसने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर येऊन पडला होता. तो सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा, की तोवर आमचा चहा होऊन कपबश्या धुऊन व्हायच्या. बाईंनी त्यावरचं विंडोज काढून लिनक्स घातलं. झकास पळायला लागला. फक्त बाई चालवायच्या ती काळी खिडकी, जिच्यात नुसती अक्षरं. कुंदा आमची सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेली, ती म्हणाली, "बाई, हे काय, चित्रं कुठायत?"

"पाटी आहे ही," बाई म्हणाल्या. "लहानपणी पाटीवर चित्रं होती का गं? आपणच काढायचो ना?"

तेव्हापासून ती पाटी. आणि माउस? माउस बाईंनी काढून टाकला. नुसता काढला नाही, घरून एक लाकडी उंदराचा पिंजरा आणला, माउस आत ठेवला, दार खाली पाडलं, आणि कपाटावर ठेवून दिला. "उंदराला घरात मोकळा सोडायचा नसतो." कुंदाला माउस हवा असला की ती स्टुलावर चढून पिंजरा उघडायची. बाई यायच्या आत परत तिथेच ठेवायची, नाहीतर बाईंना बरोबर कळायचं.

मी आठवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी जे काही येतं ते दुकानांच्या पाट्यांवरून आणि औषधांच्या खोक्यांवरून. पण मला ती काळी पाटी आवडली. तिथे कुणी "आर यू शुअर" करून छळत नाही. बरोबर लिहिलं तर गप्प बसते, चुकलं तर लगेच सांगते. चांगल्या सासूसारखी. बाईंना म्हटलं, मला शिकवा. "मी शिकवत नाही. मी नुसती बसते. तू कर." अडले की म्हणायच्या, "man वाच." म्हणजे त्या मशीनमध्येच प्रत्येक आज्ञेची माहिती असते, man लिहून पुढे आज्ञेचं नाव लिहिलं की उघडते. शब्द शब्द लावून मी वाचायचे. बाई शेजारी बसून शेंगा सोलायच्या. टरफलं कीबोर्डवर पडली तर माझ्यावरच ओरडायच्या.

आता आमच्या मंडळाचं काम काय, तर गाणी जमवणं. कोकणातून आलेल्या म्हाताऱ्या बायकांना हळदीची, घाण्याची, जात्यावरची गाणी पाठ असतात. घाणा म्हणजे लग्नाआधी मुसळाला आंब्याची पानं बांधून हळद कांडतात ना, ते. आम्ही घाटकोपर, बोरिवली, कुठे कुठे जाऊन फोनवर रेकॉर्ड करून आणायचो. सुरुवात बाईंच्या आवाजाने, "माहेरचं नाव?" मग ती म्हातारी नाव सांगणार, मग गाणं. बाईंचा हा नियमच होता. एकदा कुंदा म्हणाली, "बाई, तुमचंही सांगा की." तर म्हणाल्या, "मी विचारणारी आहे. विचारणाऱ्याला नाव नसतं."

गोराईला लाँचने गेलो होतो तेव्हाची गंमत. तिथली मेरीमावशी, मासळीच्या पाट्या उलट्या घालून बसलेली. बाईंनी विचारलं, "माहेरचं नाव?"

"मेरी."

"आणि सासरचं?"

"मेरीच. आमच्यात नाव बदलत नाय, बाय. तुमच्यात कशाला बदलतात, हरवते का बायको?"

बाई इतक्या हसल्या, की रेकॉर्डिंग परत करावं लागलं. येताना लाँचमध्येही मधेच आठवून हसत होत्या. "हिची एकच फाइल ठेवायची गं. हिला दुसऱ्या नावाची गरजच नाही."

कारण आमच्याकडे प्रत्येक गाणं दोनदा ठेवलेलं असायचं. दोन फोल्डर होते, एक 'माहेर', एक 'सासर'. म्हातारीच्या भावाकडची माणसं आली की ती जुन्या नावाने शोधणार, मुलंनातवंडं आली की नव्या नावाने. तेच गाणं, दोन नावांनी, दोन ठिकाणी. त्यात भर म्हणजे फॉरवर्ड. एकीने केलेलं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं, की दहा जणी उतरवून घेणार आणि दहाही जणी आणून मशीनमध्ये भरणार. डिस्क भरली.

बाईंना दोन वस्तूंचा तिटकारा. त्यांच्या घरी कप एकच होता. पाहुणा आला तर पाहुण्याला कप आणि बाई वाटीतून पिणार. दोन पाहुणे आले तर दुसऱ्याला म्हणायच्या, "तू जरा थांब, याचं होऊ दे." त्यामुळे मला वाटलं, आता या सगळं सपासप उडवणार. पण नाही. म्हणाल्या, "आधी बघ, सारखी आहेत की नुसती सारखी दिसतात. नाव विचारू नको. अंगठा घे."

md5sum लिहून पुढे फाइलचं नाव दिलं, की पाटीवर अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ येते. तो त्या फाइलचा अंगठा. नाव काहीही ठेवा, आतला माल तोच असेल तर अंगठा तोच. मी करून बघितलं. नारळीभाताची कृती लिहिलेली फाइल होती, तिच्यात एकच पूर्णविराम वाढवला. अख्खा अंगठा बदलला. मी "अगं बाई!" म्हणाले तर बाई म्हणाल्या, "हो, ऐकतेय."

सगळ्या फाइलींचे अंगठे हाताने कोण जुळवत बसणार? त्यासाठी jdupes नावाची आज्ञा. तिच्यापुढे एकेक अक्षर लावायचं, आणि ती अक्षरं बाईंनी मला अशी पाठ करून दिली, की झोपेत सांगेन. r म्हणजे रांगत. फोल्डरच्या आतल्या फोल्डरात रांगत जाते. d म्हणजे दे फेकून. आणि d च्या जोडीला N लावलं तर न विचारता फेकते, म्हणून N म्हणजे नको. "कधीच नको," बाई म्हणायच्या. "विचारू दे तिला. आणि विचारते काय ते नीट वाच. काय टाकू असं नाही विचारत. काय ठेवू, असं विचारते. घर आवरणाऱ्या बाईने असंच विचारावं."

फॉरवर्डची सगळी पिलावळ आम्ही अशी विचारून विचारून काढली. मग राहिली माहेर-सासरची जोडी. मी d लिहायला गेले, तर बाईंनी शेंगा ठेवल्या खाली.

"कुठलं नाव टाकणार?"

"कुठलंही. गाणं तर तेच ना."

"गाणं तेच. पण भावाने कुठल्या नावाने शोधायचं?"

मी d वरचं बोट उचललं.

"L लिही. मोठं L. लग्नगाठ."

मोठं L लावलं की काय होतं, तर दोन्ही नावं राहतात, पण आत माल एकच राहतो. दोन दारांचं एक घर. जागा एकीचीच लागते. बाईंनी मला फाइलींची यादी दाखवणारं ls -l लिहायला लावलं आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे सगळ्यांपुढे दोन आला होता. "हा आकडा म्हणजे या मालाला नावं किती. एक नाव पुसलंस तर?"

"दुसरं आहे."

"दुसरंही पुसलंस तर?"

"मग गेली."

"मग गेली," बाई म्हणाल्या आणि परत शेंगा घेतल्या. मेरीपुढे फक्त एक होता. बाईंनी तिच्या आकड्यावर प्रेमाने टिचकी मारली.

मग बाई गावी गेल्या. संगमेश्वरकडे, भावाच्या घरी, कायमच्या. जाताना कप मला दिला आणि पिंजरा कुंदाला.

आता खरी गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाई, लक्ष्मी. आमच्या घरात माझ्याआधी आलेल्या, सगळी कामं मला त्यांनीच शिकवली. गेल्याच वर्षी गेल्या. त्यांची मुलगी सुजाता बोरिवलीला असते. तिच्या मुलीचं लग्न ठरलं. आणि जाऊबाईंनी त्या नातीला लहानपणापासून कबूल केलं होतं, की तुझ्या हळदीला घाणा मी म्हणणार. सुजाताचा फोन आला, "काकी, आईचा घाणा तुमच्या मंडळात आहे ना? पाठव ना. उद्या हळद आहे. माझ्या फोनवर नुसतं गाणं तेवढं होतं, तेही गेलं गं. पोरीला सांगून बसलेय की आजी गाणार."

मी म्हटलं, "आत्ता पाठवते." इतक्या सहज म्हटलं!

खोलीत गेले तर कुंदा कमरेला पदर खोचून बसलेली. पिंजरा उघडा, माउस हातात.

"ये ये. साफसफाई केली बघ. डिस्क परत भरली होती."

"काय काढलंस?"

"अगं 'सासर'मध्ये एकेका नावापुढे कंसात एक, कंसात दोन, असली भुतावळ होती. लक्ष्मी, लक्ष्मी एक, लक्ष्मी दोन. डुप्लिकेट सगळी. कंसातली सगळी उडवली. कचऱ्याचा डबापण रिकामा केला."

नाव आधीच असलं की मशीन दुसऱ्यापुढे कंसात आकडा चिकटवतं. पण त्या डुप्लिकेट नव्हत्या. त्या तीन वेगळ्या लक्ष्म्या होत्या. आमच्यात सुनेला घरात घेताना तांदळात बोटाने नाव लिहितात, आणि दर तिसऱ्या घरात लिहितात काय? लक्ष्मी. आमच्या जाऊबाई कंसात दोन होत्या.

"कुंदे, वाट लावलीस."

ऐकल्यावर कुंदाचा चेहरा असा झाला, की मलाच तिची कीव आली. बँकेत आयुष्य गेलं तिचं, एकसारख्या नावाची खाती तिने कधी गोंधळली नव्हती. "मला काय माहीत... मला वाटलं... अगं आणि एवढं करून मेली ती डिस्क भरल्याची लाल पट्टी हललीच नाही! एवढं काढलं, जागा रिकामी व्हायला नको? जेवढी होती तेवढीच!"

मी तिच्याकडे बघितलं. "काय म्हणालीस?"

"जागा वाढली नाही म्हटलं."

"परत म्हण."

"जागा... तुला काय होतंय का? पाणी आणू?"

"माउस दे इकडे," मी म्हटलं. पिंजऱ्यात टाकला आणि दार पाडलं. जागा वाढली नाही, म्हणजे माल गेलेला नाही. नाव पुसलंय फक्त. दुसरं दार कुठेतरी उघडं आहे.

कुठे ते माहीत होतं, 'माहेर'मध्ये. पण कुठल्या नावाने? मी त्या घरात गेले तेव्हा त्या लक्ष्मीच होत्या, आणि रेकॉर्डिंगला गेल्या होत्या बाई एकट्याच. सुजाताला फोन लावला. "सुजे, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?"

"आईचं? ... लक्ष्मी ना?"

"ते तुझ्या बाबांनी लग्नात ठेवलेलं. आधीचं."

मग म्हणाली, "काकी, मला माहीतच नाही गं. मामा तर तिला बाय म्हणायचे. आणि मामापण आता नाहीत."

'माहेर'मध्ये गाण्यांची ही भली मोठी रांग. एकेक ऐकत बसले असते तर हळद काय, लग्नानंतरचा सोळावा दिवस आला असता. कुंदा म्हणाली, "बाईंना फोन लाव." मी म्हटलं, "थांब. बाई काय म्हणतील ते मला माहीत आहे." ls -l लिहिलं आणि दुसरा रकाना वाचायला लागले. दोन. दोन. दोन. ज्यांचं सासरचं नाव कुंदाने पुसलं, त्यांच्यापुढे आता दोन असणार नाही. एक असणार.

एक! मी ओरडले. वाचलं तर मेरी. तिचा एक जन्मजात. कुंदा मध्येच हसली. पुढे गेले. काशी, एक. सत्यभामा, एक. द्वारका, एक. अजून चार-पाच निघाल्या. कुंदा कागद घ्यायला उठली तर म्हटलं, "बस खाली, ऐक."

काशी लावली. बाईंचा आवाज, "माहेरचं नाव?" आणि कुणी परकीच आजी. सत्यभामा, तीही परकी. द्वारका लावली. "माहेरचं नाव?" पुढे शांत. बांगड्यांचा आवाज. आणि मग, अगदी स्वयंपाकघरातून यायचा तसा, तो आवाज.

"आता त्या नावान माका कोण हाक मारता गो?"

"मी मारते. सांगा," बाई म्हणतात.

"द्वारका. माजा नाव द्वारका."

आणि लगेच घाणा.

*आंब्याचं गं पान, मुसळाला बांधिलं,*
*लेकीचं गं नाव, दाण्यादाण्यात सांडिलं.*

कुंदा माझा हात धरून रडायला लागली. मी नाही रडले. मला अजून काम होतं.

आधी गाणं सुजाताला पाठवलं. मग बाईंच्या भावाकडे फोन केला. त्यांच्या गावात बाईंचा स्वतःचा फोन लागत नाही. तिकडून बाईमाणसाचाच आवाज आला. मी बाईंचं नाव सांगितलं, आम्हाला माहीत असलेलं.

"त्या नावाचं इथे कोणी राहत नाही हो."

"अहो, मुलुंडहून आल्यात. काळ्या पडद्यावर टाइप करतात. उंदीर पिंजऱ्यात ठेवतात."

"अगो, म्हणजे आत्या होय!" आणि तिने अंगणाकडे तोंड करून, नावापुढे आत्या लावून एक हाक मारली. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. छान नाव आहे. पण विचारणाऱ्याला नाव नसतं, म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

मग पावलं वाजली, फोन घेतल्याची खरखर, आणि "बोल गं. man वाचलंस का?"

अंगठा जुळला.

मी सगळं सांगितलं. बाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "कुंदाला ओरडलीस का?"

"थोडी."

"पुरे. तिच्यामुळेच तर कळलं, की पट्टी हलली नाही. आता त्या एकट्या पडलेल्यांना त्यांची सासरची नावं परत जोडून टाक. आणि लक्ष्म्यांना कंस नको. लक्ष्मी, कुठल्या गावची, ते लिही. मशीनला कळत नाही, तुला कळतं ना?"

मी बसून सगळ्यांना नावं जोडली. ln लिहून पुढे जुनं नाव आणि नवं नाव, एवढंच करायचं असतं. जाऊबाईंच्या फाइलला मात्र मी बाईंना न विचारता तिसरंही नाव जोडलं, 'आजी'. नात काय द्वारका म्हणून शोधणार आहे? ls -l केलं. तीन. कुंदाला म्हटलं, बघ. ती म्हणाली, "आणि जागा?" म्हटलं, "तेवढीच."

दुसऱ्या दिवशी बोरिवलीला हळद, कुंदाही माझ्याबरोबर आलेली. गच्चीवर मांडव, नवरी पाटावर, मुसळाला पानं बांधलेली. सुजाताने मोठा स्पीकर आणला होता. म्हणाली, "काकी, तूच लाव."

लावलं. स्पीकरमधून बाईंचा आवाज अख्ख्या गच्चीवर घुमला, "माहेरचं नाव?"

स्पीकरच्या अगदी शेजारी, उष्टी हळद घेऊन आलेल्या बायकांतली, नवऱ्या मुलाची पणजी बसली होती. ऐकू कमी येतं तिला. तिला वाटलं, आपल्यालाच विचारतायत. ताठ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गोदावरी!"

तिची सून, तिची नातसून, सगळ्या तिच्याकडे वळून बघायला लागल्या. हे नाव त्यांच्यातल्या एकीनेही ऐकलेलं नव्हतं. स्पीकरमध्ये जाऊबाई बांगड्या वाजवत थांबल्या होत्या, तेवढ्यात जाग्या झाल्या, आणि सगळी गच्ची हसली, आणि त्या हसण्यात द्वारका कुणाला ऐकूच आलं नाही.

"परत लाव," नवरी म्हणाली. "पहिल्यापासून लाव ना, काकीआजी."

मी परत लावलं. "माहेरचं नाव?" या वेळी म्हातारी तर बोललीच, तिच्या मागून अजून चौघी-पाच जणी बोलल्या. कुंदासुद्धा.

मीही बोलले. पण स्पीकरचा आवाज मोठा होता.